छपरावरून काय दिसते

देवीदास गजभियेला टोलीवर कोणी आडनावाने ओळखत नसे. कवेलूवाला देवीदास म्हटलं की पुरे. चिचगडपासून थोडं आत, सागाच्या जंगलाला लागून ही टोली, म्हणजे छोटी वस्ती, आहे. तिथे अजूनही बरीच घरं मातीच्या भिंतींची आणि कवेलूंची, म्हणजे कौलांची. उन्हाळा सरत आला की दरवर्षी कवेलू फेरावे लागतात. वर्षभरात माकडं उड्या मारून ते फोडतात, मांजरं सरकवतात, पालापाचोळा अडकून बसतो. मग एकेक कवेलू उचलायचा, झाडायचा, फुटका बाजूला टाकायचा, खालच्या बांबूच्या कमच्या कुजल्या असतील तर बदलायच्या आणि पुन्हा सगळं ओळीने बसवायचं. खालून पाहणाऱ्याला हे सोपं वाटतं. पण वर पाय कुठे ठेवावा हे ज्याला कळत नाही तो जितके कवेलू बसवतो त्याहून जास्त फोडतो. देवीदास वर असला की खाली स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या भाजीत माती पडत नसे. लोक त्यालाच बोलवत ते एवढ्यासाठी.

त्या घरांपैकी काही घरांत त्याच्या आजाला ओसरीवरही बसू दिलेलं नव्हतं. देवीदास त्यांच्या छपरावर बसून निवांत बिडी ओढायचा.

त्याची बायको अंजना खाली उभी राहायची आणि एकेक कवेलू वर फेकायची. तो दोन्ही हातांनी झेलायचा. लग्न नवं होतं तेव्हा तिने एकदा मान वर करून विचारलं होतं, "काय दिसते जी वरून?"

"काई नाई. झाडंच," तो म्हणाला.

पुढे कित्येक वर्षं ती अधूनमधून तेच विचारी आणि तो तेच उत्तर देई. लपवायचं असं काही नव्हतं. सांगायला कुठून सुरुवात करावी हेच त्याला कळत नसे. वरून तलावाची पांढरी कड दिसायची. लोकांच्या परसात वाळत घातलेली मोहफुलं दिसायची. देवरीहून येणारी बस दिसायच्या आधी तिची धूळ दिसायची, आणि त्याच्याही पलीकडे छत्तीसगडाकडचे डोंगर, निळे, एकामागे एक. हे सगळं मिळून काय होतं ते त्याला बोलून दाखवता येत नसे. म्हणून तो झाडं म्हणून मोकळा व्हायचा.

लकवा मारला तेव्हा तो छपरावर नव्हता. ही गोष्ट त्याला फार लागून राहिली. वरून पडला असता तर निदान सांगायला काही राहिलं असतं. तो शामकलाबाईच्या अंगणात चहा प्यायला खाली उतरला होता. डाव्या हातातून कप निसटला. कप तापला असेल असं त्याला वाटलं. मग जीभ जड झाली, आणि त्याचा जोडीदार बकाराम वरून ओरडला, "का गा, तोंड काऊन असं करून राहिला?" शामकलाबाईचं अर्धं छप्पर तेव्हा उघडं होतं. गाडीत घालून नेताना देवीदास तेच पुन्हा पुन्हा सांगत होता, पण त्याचं बोलणं कोणाला समजत नव्हतं.

जीव वाचला. हळूहळू वाचाही सुटली. डावा पाय मात्र फरफटत राहिला आणि डावा हात खांद्याला नुसता लटकून राहिला. दुसऱ्यांची घरं आधी आणि आपलं सगळ्यांत शेवटी, अशी त्याची दरवर्षीची रीत. त्या वर्षी आपलं घर राहूनच गेलं. पावसाळाभर ते गळलं. अंजना एकेका थेंबाखाली भांडं ठेवत फिरायची. तो खाटेवर पडून वर, छपराच्या माथ्यावरच्या मयालीकडे पाहायचा.

"तो पाह्य, मयालीजवळचा सरकला," तो म्हणायचा.

"सरकला त सरकला. तुमी जरा डोळे मिटा न."

धान कापणीच्या सुमारास ग्रामपंचायतीत कोणीतरी सांगितलं की लकवा झालेल्याला दर महिन्याला अनुदान मिळतं, पण त्यासाठी गोंदियाला मोठ्या दवाखान्यात मेडिकल करून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणावं लागतं. घरात कमावणारी आता अंजना एकटीच होती. देवीदास आधी नाही म्हणाला. मग हो म्हणाला.

इथेच घोळ झाला. टोलीला मेडिकल हा शब्द माहीत होता तो पोलीस भरतीमुळे. मेडिकल म्हणजे डॉक्टरसमोर छाती फुगवायची, धावून दाखवायचं, आणि जो कमी पडला तो घरी. मेडिकलला जायचं ते पास व्हायला, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. अंजनाच्याही नाही.

बकारामने मनावर घेतलं. रोज सकाळी तो लसूण कढवलेलं तेल घेऊन यायचा. कवेलू वाहायची टोपली अंगणात उपडी घालून तिच्यावर बसायचा आणि डॉक्टर व्हायचा.

"नाव काय?"

"मस्करी कायले करून राहिला बे."

"डाक्टरले बे म्हनतेस? नापास. चाल, चालून दाखव. काठी ठेव तिकडे."

देवीदास काठी ठेवून चालायचा. पाय फरफटू नये म्हणून कमरेतून उचलायला शिकला. हात वर होत नव्हता, तर खांद्याला झटका देऊन तो छातीपर्यंत फेकायची युक्ती बकारामने शोधून काढली. झटका बरोबर बसला की हात क्षणभर वर राहायचा आणि कोणालाही वाटावं की माणसाने आपल्या मनाने उचलला. अंजना पायरीवर बसून पाहायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. त्या हसण्यासाठी तो पुन्हा चालून दाखवायचा.

आणखी एक गोष्ट होती. देवीदासच्या बापाने त्याला लहानपणी एकच शिकवलं होतं. सायबासमोर वाकायचं नाही, हात पसरायचा नाही, धुतलेला कपडा घालून ताठ उभं राहायचं. त्या दिवशी देवीदासने जयंतीला घालायचा पांढरा सदरा घातला. बटणं अंजनाने लावली. दवाखान्यातल्या त्या खोलीच्या दारात त्याने काठी तिच्या हातात दिली, आत गेला आणि म्हणाला, "जयभीम साहेब."

तो चालला. हात छातीपर्यंत फेकला. डॉक्टरांनी विचारलं, त्रास आहे का? तो म्हणाला, नाही. घरचं काही करता येतं का? तो म्हणाला, सगळं.

"चांगली सुधारणा आहे," डॉक्टर म्हणाले. दारात उभ्या अंजनाचा चेहरा उजळला.

पस्तीस टक्के मिळाले.

"पस्तीस म्हंजे पास हायेस गा," बकाराम म्हणाला. खरंच तो आनंदाने म्हणाला. दहावीला तो स्वतः पस्तिसालाच अडला होता.

देवरीच्या तहसिलीत खिडकीवरच्या माणसाने कागद पाहिला आणि परत सरकवला. अंजना हलेना, तेव्हा त्याने समजावून सांगितलं. अनुदानाला चाळीस टक्के लागतात. जितकं अंग गेलेलं, तितके टक्के. तुमच्या माणसाचं कमी गेलेलं आहे, हे चांगलंच आहे बाई.

बसने दोघं परतले. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर अंजना म्हणाली, "लय चांगले चालले तुमी त्या दिवशी." तिला टोमणा मारायचा होता की नाही, हे त्याला कळलं नाही. बहुतेक तिलाही कळलं नसावं.

त्या आठवड्यात तिने मिरचीच्या मुकादमाकडे नाव दिलं. धान निघालं की या भागातली पुष्कळ माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. अंजना कधी गेली नव्हती. देवीदासला एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तिने त्याला गोंदियाजवळ कुडव्याला मुलीकडे, रचनाकडे आणून सोडलं. निघताना तिने त्याची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटचं लावून झाल्यावरही तिचा हात तिथेच राहिला.

"बटनं रचनाले सांगत जा. लाजू नोका."

"हव."

"मी गेल्यावर त्या बकारामच्या नादी लागून धावाले जाऊ नोका."

"तो इथं कायले येते," देवीदास म्हणाला. ती गेली.

कुडव्यात सगळी घरं स्लॅबची. रचना आणि जावई मायेने करत होते, तक्रारीला जागा नव्हती. पण सकाळी जाग आली की वर सपाट पांढरं छत. आपल्या घरात तो पडल्या पडल्या वर पाहत तासन्‌तास काढू शकत असे. कुठला कवेलू नवा, कुठला त्याच्या बापाच्या हातचा, कुठून ऊन आत येतं. या छतात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तो बाहेर पायरीवर येऊन बसायचा. समोरून मोटरसायकली जायच्या. जाणारी बाई अंजनासारखी वाटली की तो मान पुढे काढायचा. ती अंजना असणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी मान पुढे जायचीच.

दोन-चार दिवसांनी तिचा फोन यायचा. तिकडे रेंज नव्हती. ती कुठल्यातरी बांधावर चढून बोलायची.

"जेवले का?"

"जेवलो. तू?"

"आत्ता हात धुऊन राहिलो. कितीबी धुवा, जळतेतच. डोळ्याले लागला हात त मेलाच मानूस." मग जरा थांबून, "रडलो तरी कोनाले समजत नाई इथं. सगळ्याइचेच डोळे लाल."

देवीदासने फोन कानाशी आणखी दाबला. मग तो म्हणाला, "तू इचारत होती न, वरून काय दिसते म्हनून."

"कोठून वरून?"

"आपल्या छपरावरून. तलाव दिसते. सकाळच्या पारी त्याची कड पांढरी दिसते, कोनं चुना ओढला असा. आन तिकडे मांगं..."

"हॅलो," अंजना म्हणाली. "हॅलो. आयकू नाई येत जी." आणि फोन कटला. पुन्हा लागला नाही. पुढच्या वेळी ती म्हणाली, सांगा न, काय सांगत होते, पण तेव्हा जावई शेजारी बसलेला होता.

रचनाच्या शेजारच्या घरात अल्का रामटेके नावाची वकील राहायची. चाळिशीची, जाड चष्म्याची, सकाळी स्कूटीला किक मारता मारता साऱ्या गल्लीशी बोलणारी. कोर्टाकडून गरिबांना फुकट वकील देतात, त्या यादीत तिचं नाव होतं. एका सकाळी पायरीवर रचना बापाची बटणं लावत होती. अल्काने स्कूटी बंद केली.

"काय हो काका, हाताला काय झालं?"

"काई नाई. बरा हाय," देवीदास म्हणाला.

"बरा आहे तर बटण कोण लावून राहिलं?"

रचनाने सगळं सांगून टाकलं. टोपलीवरचा डॉक्टर आला तेव्हा अल्का मनापासून हसली. हसता हसता चष्मा काढून पुसला.

"काका, माझ्याकडे असे लोक येतात जे धडधाकट असून लंगडत येतात. तुम्ही पहिले, जे लंगडत असून धावत गेले." मग ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली. "या टक्क्यांवर अपील करता येते. मुदत आहे अजून, थोडीच आहे. मी अर्ज करून देते. फी लागत नाही, ते टेन्शन नका घेऊ."

"नोको बाई. सायबापुढं लुळा हात दाखवून पैसे मागाचे, हे आमच्यात नाई."

"आमच्यात म्हणजे? मी कोण आहे मग?"

देवीदासने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"माझा बापही हेच सांगायचा, वाकू नका," अल्का म्हणाली. "कोण म्हणते वाका म्हणून? हे अनुदान कायद्याने तुमचं आहे. पण डॉक्टरला खोटं सांगितलंत तुम्ही. घरचं सगळं करता येते म्हणाले. येते का?"

"मी खोटं नाई बोलत," तो म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला.

तो दिवसभर त्याच विचारात होता. खरं सांगायचं तर अपमानाची भीती ही अर्धीच गोष्ट होती. दुसरी अर्धी त्याने कोणाला सांगितली नव्हती. हात जात नाही असं डॉक्टरने एकदा लिहिलं, की तो पुन्हा छपरावर चढणार नाही हे ठरलंच. पस्तीस टक्क्यांत निदान वर जायची वाट उघडी होती. घराच्या भिंतीला शिडी अजून लावलेलीच होती. ती काढू नको असं त्याने बकारामला बजावून ठेवलं होतं.

संध्याकाळी अंजनाचा फोन आला. तिला ताप होता. तापातही तिने तोडणी केली होती.

"बस न एक दिवस," तो म्हणाला.

"बसलो त रोजी कोन देईन? आन आपल्याले सवय कराच लागन. मुकादम म्हनते, पुढच्या सालीबी नाव पक्कं करून ठेव."

पुढच्या सालीही, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. फोन ठेवून तो भिंत धरत धरत शेजारच्या दारापर्यंत गेला.

"अर्ज करून द्या बाई," त्याने अल्काला सांगितलं.

फेरतपासणीचा दिवस आला तेव्हा कडुलिंबाची पानं गळत होती. रचना आणि अल्का दोघी सोबत होत्या. या वेळी डॉक्टर दुसरे होते, वयस्कर, हळू बोलणारे. पांढरा सदरा तोच. जयभीम तोच. काठी मात्र त्याने आत नेली.

चालायला सांगितलं. तो काठीने चालला, पाय फरफटला. हात वर करायला सांगितलं. खांद्याला झटका द्यायला त्याचं अंग आपोआप तयार झालं. इतके दिवस घोटलेलं होतं ते. त्याने खांदा आवरला. हात होता तिथेच राहिला.

"सदऱ्याची बटणं काढा आणि परत लावा," डॉक्टर म्हणाले.

काढायला उजवा हात पुरला. लावताना डाव्याने काज धरायला हवं होतं. त्याने उजव्या हाताने डावा उचलून छातीवर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा बटण काजापर्यंत आलं आणि निसटलं. रचना पुढे झाली, तर अल्काने तिचं मनगट धरलं. 

"रोज कोण लावून देतं?" डॉक्टरांनी विचारलं.

देवीदास ताठ उभा होता. सदरा उघडा होता.

"बायको लावते साहेब," तो म्हणाला. "ते मिरची तोडाले गेली हाय. तेलंगणात." मग त्याला वाटलं, आता सांगायचंच तर नीट सांगावं. "मी कवेलू फेराचो. आता चढता येत नाई. होत नाई माह्यानं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि बराच वेळ लिहीत राहिले. त्यांचं लिहून झाल्यावर अल्काने रचनाचं मनगट सोडलं. बटणं रचनाने लावली.

पंचावन्न टक्के आले. तहसिलीचा अर्ज अल्काने केला, दोनदा देवरीला जाऊन खिडकीशी भांडलीसुद्धा. बकारामला फोनवर आकडा कळवला तेव्हा त्याने तो दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "म्हंजे आपली सारी मेहनत पान्यात गेली म्हन." आणि देवीदास लकव्यानंतर पहिल्यांदा पोट धरून हसला, एका हाताने.

अंजना होळीनंतर आली. देवीदास रचनाला घेऊन त्याआधीच घरी येऊन बसला होता. ती फाट्यावरून चालत आली तेव्हा त्याने तिला लांबून ओळखलं नाही, इतकी ती काळवंडली होती. बोटांची सालं निघाली होती. दुसऱ्या सकाळी त्याच बोटांनी तिने त्याची बटणं लावली. तो खाली मान घालून त्या बोटांकडे पाहत राहिला.

"काय पाहता?"

"काई नाई," तो म्हणाला.

अनुदान मंजूर झाल्याचं मे महिन्यात कळलं. मुकादमाला अंजनाने निरोप पाठवला, नाव काट. आता मागच्या साली न फेरलेलं छप्पर समोर होतं. बकाराम दुसऱ्यांची घरं आटोपून मग येणार होता. रीतच तशी पडली होती. पण छत्तीसगडाकडून ढग यायला लागले. एका सकाळी देवीदास अंगणात खाटेवर बसलेला असताना अंजनाने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि शिडीवर पाय ठेवला.

"हे काय करून राहिली वो?"

"दिसत नाई का?"

"बाई मानूस कोनी चढते छपरावर? गाव हासन."

"हासू दे. तिकडे बांधावर चढून फोन करत होतो, कोनी नाई हासला." ती वर गेली. शेवटच्या पायरीवर थबकली. "पाय कोठं ठेवू?"

तो काठी टेकून उठला. "आडव्या बल्लीवर ठेव. कवेलूवर नोको. तेथं नाई, अजून डावीकडे. हां. जोर पंजावर दे, टाचेवर नोको."

एक कवेलू कडकन फुटला.

"फुटला त फुटला," देवीदास म्हणाला.

ती कशीबशी मयालीपर्यंत पोचली आणि दोन्हीकडे पाय सोडून बसली. वाऱ्याने तिचा पदर उडत होता. तिने तो तोंडात धरला. खाली देवीदास मान वर करून उभा होता. इतकी वर्षं अंजना जिथून वर पाहायची, नेमका तिथे. तिथून आभाळ फार मोठं दिसतं आणि वरचं माणूस फार लांब, हे त्याला माहीतच नव्हतं.

"काय दिसते?" त्याने विचारलं.

अंजनाने पदर तोंडातून काढला.

"काई नाई. झाडंच."

तो खाटेकडे वळला नाही. तसाच उभा राहिला.  मग तिची मान हळूहळू फिरली, तलावाकडून रस्त्याकडे, रस्त्याकडून पलीकडे.

"फोनवर सांगत होते थो चुना कोठं हाय?" ती म्हणाली. "कड त पिवळी हाय तलावाची."

"ऊन चढलं आता. सकाळीच दिसते."

"शामकलाबाईनं गोधड्या वाळू घातल्या. आन धूळ उडून राहिली फाट्यावर."

"बस हाय ते. देवरीची. डोंगर दिसते का?"

"थांबा न, सांगतो न सारं," अंजना म्हणाली. "उठलेच काऊन? खाटेवर बसा आधी."

तो खाटेवर बसला.